यांत्रिक बाहूची जन्मकथा

विद्यापीठ आणि कारखाना ह्यांचें सख्य कसें जमावें ह्याविषयीं आपल्याकडे व्याख्यानें पुष्कळ होतात. कारखानदार म्हणतात कीं, पदवीधरास हातानें कांहीं करतां येत नाहीं. प्राध्यापक म्हणतात कीं, कारखानदारास उद्यांच्या नफ्यापलीकडे दृष्टि नाहीं. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे, आणि म्हणूनच त्या ऐकण्याचा कंटाळा येतो. त्यापेक्षां हें सख्य एके ठिकाणीं खरोखर जमलें तेव्हां कोणीं कोणाला काय दिलें आणि त्याची किंमत कोणाच्या अंगावर पडली, हें पाहणें अधिक फलदायी होईल. ह्यासाठीं आम्ही अमेरिकेंतील यांत्रिक बाहूचा इतिहास निवडला आहे.

आरंभीं शब्दाविषयीं थोडें. ‘रोबॉट’ हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक ह्यांच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ ह्या नाटकानें जगभर गेला. चेक भाषेंत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर सक्तीनें करावी लागणारी मेहनत. आपल्याकडील वेठच ती. मराठींत आपण ‘यंत्रमानव’ हा प्रतिशब्द योजला, आणि त्यामुळें डोकें व पाय असलेला एक लोखंडी मनुष्य वाचकाच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. प्रत्यक्षांत कारखान्यांत जो आला तो केवळ एक हात होता. वेठ हा आपला जुना शब्दच वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जातो.

हा पहिला हात विद्यापीठांत जन्मला नाहीं. जॉर्ज डेव्हॉल ह्यांनीं महाविद्यालयाचें तोंड पाहिलें नव्हतें. त्यांनीं १९५४ सालीं आपल्या यंत्राच्या पेटंटासाठीं अर्ज केला. पेटंट हातीं आलें १९६१ सालीं. दरम्यान १९५६ सालीं एका मेजवानींत त्यांची गांठ जोसेफ एंगेलबर्गर ह्या एंजिनियराशीं पडली, आणि त्या ओळखींतून पुढें ‘युनिमेशन’ कंपनी निघाली. तिचें ‘युनिमेट’ यंत्र १९६१ सालीं न्यू जर्सींत ट्रेंटनजवळ जनरल मोटर्सच्या कारखान्यांत बसलें. सांच्यांतून निघालेले धातूचे तप्त भाग उचलून बाजूला ठेवणें, एवढेंच त्याचें काम. वजन सुमारें दोन टन. चालायचें तेलाच्या दाबावर. आणि मनुष्यानें एकदां शिकविलेली हालचाल चुंबकीय पिंपावर नोंदवून तीच तें अहोरात्र गिरवीत राही. त्याला दिसत नव्हतें आणि स्पर्शहि कळत नव्हता. भाग चार बोटें सरकला कीं त्याची मूठ हवेवर मिटे.

त्याच दशकांत कॅलिफोर्नियांतील स्टॅन्फर्ड विद्यापीठांत एक निराळा उद्योग चालू होता. तेथील प्रयोगशाळेंत सरकारी संरक्षणखात्याच्या पैशावर गणकयंत्राला कॅमेऱ्याचे डोळे व यांत्रिक हात जोडून ठोकळे रचण्याचे प्रयोग होत. व्यवहारी मनुष्याला हा पोरखेळ वाटावा. त्यांचा आरंभींचा एक हात तर एका रुग्णालयानें अपंगांसाठीं बनविलेला होता. १९६९ सालीं व्हिक्टर शाइनमन ह्या विद्यार्थ्यानें तेथें विजेवर चालणारा, सहा सांध्यांचा, गणकयंत्राच्या हुकुमांत वागणारा नवा हात तयार केला.

ह्या हातांत विशेष काय होतें, हें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. आपण पाण्याचा पेला उचलतो तेव्हां खांदा किती फिरवावा, कोपर किती वळवावें, ह्याचा हिशेब आपण करीत नाहीं. यंत्राला तो करावा लागतो. पेला कोठें आहे व तो कसा धरावयाचा हें ठाऊक असतां सहा सांध्यांचे सहा कोन काढावयाचे, हा तो प्रश्न. सांधे मनास येतील तसे बसविले, तर समीकरणें एकमेकांत अशीं गुंततात कीं, उत्तर अंदाज करीत करीतच गांठावें लागतें; आणि त्या वेळचें मंद गणकयंत्र तें गांठीपर्यंत काम खोळंबून राहणार. डोनाल्ड पीपर ह्यांनीं स्टॅन्फर्ड येथें १९६८ सालच्या आपल्या प्रबंधांत असें दाखविलें कीं, लागोपाठच्या तीन सांध्यांचे अक्ष एका बिंदूंत मिळाले तर प्रश्नाचे दोन सोपे तुकडे पडतात. प्रथम मनगट कोठें न्यावयाचें तें ठरवावें, मग तें कसें वळवावयाचें तें. शाइनमन ह्यांनीं मनगटाचे तीन अक्ष तसेच एका बिंदूंत आणले. म्हणजे हात आधीं बनवून मग त्याचें गणित शोधलें असें झालें नाहीं. ज्याचें गणित सुटतें असाच हात बनविला. विद्यापीठाचा खरा वाटा आम्हांस येथें दिसतो. युनिमेट बनविणारे एंजिनियर कांहीं कमी हुषार नव्हते; पण त्यांचा हात गिरविणारा होता, त्यामुळें हा प्रश्न त्यांच्या वाटेंत आडवा आलाच नाहीं.

१९७४ च्या सुमारास ह्या हातानें जुन्या फोर्ड मोटारगाडीच्या पाण्याच्या पंपाचे सुटे भाग एकमेकांत बसवून दाखविले. दरम्यान शाइनमन मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत जाऊन तेथें एक लहान हात रचून आले होते. १९७३ सालीं त्यांनीं ‘व्हायकार्म’ नांवाची छोटीशी कंपनी काढली आणि १९७७ सालीं ती युनिमेशनला विकली.

ह्याच वेळीं जनरल मोटर्सची मागणी पुढें आली. मोटारीच्या जुळणींत हाताळावे लागणारे बहुतेक भाग फार तर दोन-अडीच किलो वजनाचे असतात, असें तिच्या लोकांस आढळून आलें होतें. त्यांच्यासाठीं दोन टनांचें धूड काय कामाचें? त्यांना लहान, चपळ हात हवा होता, आणि तोहि मनुष्याएवढ्याच जागेंत मावणारा. शाइनमन ह्यांचा आराखडा, जनरल मोटर्सचें पाठबळ आणि युनिमेशनचा कारखाना ह्यांतून १९७८ सालीं ‘प्युमा’ अवतरला. त्याला हुकूम देण्याची ‘व्हॅल’ नांवाची भाषाहि स्टॅन्फर्डच्या मुशींतूनच आली होती.

जनरल मोटर्सचा पैसा महत्त्वाचा खरा. पण तिनें विचारलेला नेमका प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. ठोकळे रचीत बसलेल्या विद्वानांस मोटारीच्या भागांचें वजन घरबसल्या कळण्यासारखें नव्हतें. आणि हा प्रश्न त्या उत्तरापाशीं पोंचला तो कांहीं समित्यांच्या बैठकींतून नव्हे. एक मनुष्य आपला आराखडा कांखेस मारून प्रयोगशाळेंतून कारखान्यांत गेला म्हणून. आपल्याकडे सहकार्याचे करारनामे समारंभपूर्वक होतात. अशा मनुष्याला जावयास व यावयास वाट मोकळी आहे कीं नाहीं, हें मात्र कोणी पाहत नाहीं.

परंतु मनुष्याएवढ्या जागेंत मावणारा हात हवा, ह्या अटीचा दुसराहि अर्थ आहे. रांगेंतला मनुष्य उठला कीं त्याच्या जागीं यंत्र बसवितां यावें, हा तो अर्थ. ओहायोंतील लॉर्ड्सटाउन येथें जनरल मोटर्सच्या ज्या कारखान्यांत युनिमेट यंत्रें गाड्यांचे सांगाडे जोडीत, तेथील कामगारांनीं १९७२ सालीं संप केला. तासाला शंभर गाड्यांच्या वेगानें रांग धांवत होती, म्हणजे एका गाडीच्या वांट्यास जेमतेम छत्तीस सेकंद. माणसें कमी केलीं आणि उरलेल्यांवर भार वाढविला, ही त्यांची तक्रार. तिचा रोख यंत्रांपेक्षां वेगावर होता. पण वेठ म्हणजे काय, हें चापेक ह्यांच्या प्रेक्षकांपेक्षां त्या तरुणांस अधिक कळलें असावें. भागांच्या वजनाचा प्रश्न आराखडा करणाऱ्याच्या मेजावर पोंचला; ह्या तरुणांच्या प्रश्नाला त्या आराखड्यांत जागा नव्हती. कामगारांच्याहि करांतून चाललेल्या प्रयोगशाळेकडून ती अपेक्षा करणें आम्हांस गैरवाजवी वाटत नाहीं.

व्यापारी यश फार टिकलें नाहीं. युनिमेशनचा परवाना घेऊन जपानांत कावासाकी कंपनीनें १९६९ सालींच हात बनविण्यास आरंभ केला होता. १९८२ सालीं खुद्द जनरल मोटर्सनें जपानच्या फानुक कंपनीशीं भागी केली. १९८३ सालीं वेस्टिंगहाउसनें युनिमेशन विकत घेतली, आणि थोड्याच वर्षांत ती स्विस स्टॉबली कंपनीच्या हवालीं केली.

प्युमाची गति मात्र निराळी झाली. १९८५ सालीं कॅलिफोर्नियांतील एका रुग्णालयांत रोग्याच्या मेंदूंतील गांठीचा नमुना काढतांना सुईला नेमकी दिशा देण्यास तो उपयोगीं पडला. पुढें कारखान्यांतून त्याची पीछेहाट झाली, तरी महाविद्यालयांत त्यानें ठाण मांडलें. त्याच्या ‘५६०’ ह्या नमुन्याच्या हाडांची लांबी, वजनें व सांध्यांचे अक्ष इतक्या लोकांनीं मोजून छापले आहेत कीं, यांत्रिक बाहूचें गणित शिकविणारीं पाठ्यपुस्तकें अजून तोच हात उदाहरणादाखल घेतात. विद्यार्थी गणकयंत्राच्या पडद्यावर तो हालवितात, मनगटाचे तीन अक्ष एका बिंदूंत मिळतात हें प्रथम ताडून पाहतात आणि मग सहा कोन काढावयास बसतात. खरा प्युमा त्यांतील पुष्कळांनीं कधीं पाहिलेला नसतो.