आकाशातून येणारे उत्तर: ट्रान्सपॉन्डरच्या अँटेनाचा इतिहास

१/८
६ सप्टेंबर १९३९. ब्रिटन युद्धात उतरून अवघे तीन दिवस झाले होते. शत्रू आल्याच्या खोट्या इशाऱ्यावरून झेपावलेल्या स्पिटफायर विमानांनी आपल्याच हवाई दलाची दोन हरिकेन विमाने पाडली. एक तरुण वैमानिक प्राणास मुकला. रडारला विमान दिसे. ते कोणाचे, हे कळत नसे.

२/८
अशा घातक घोटाळ्यांवर उपाय म्हणून विमानालाच बोलते करण्यात आले. रडारची लहर पोहोचताच विमानातील यंत्र ओळखीचे उत्तर धाडू लागले. आजचा ट्रान्सपॉन्डर हा त्याच यंत्राचा वंशज.

३/८
पण उत्तर बाहेर पडणार कोठून? आरंभी स्पिटफायरच्या धडापासून शेपटीच्या आडव्या पंखांच्या टोकांपर्यंत तारा ताणलेल्या असत. पुढे अधिक आखूड लहरींवर चालणारे यंत्र आले. तारा गेल्या आणि पंखाखाली छोटी दांडी आली.

४/८
युद्धानंतर नागरी विमानवाहतुकीनेही हे तंत्र स्वीकारले. जमिनीवरील दुय्यम रडार १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारते. विमान १०९० मेगाहर्ट्झवर आपला सांकेतिक क्रमांक आणि उंची कळवते. लहर जेमतेम २७ सेंटिमीटरची, म्हणून अँटेनाही तळहाताहून लहान.

५/८
मात्र इतक्या आखूड लहरी धातूला वळसा घालून फारशा जात नाहीत. रडार जमिनीवर, म्हणून अँटेना विमानाच्या पोटाखाली बसवली गेली. सरळ उड्डाणात ही जागा उत्तम. वळताना विमान एका अंगावर कलले, की धड किंवा पंख आड येतो, उत्तर क्षीण होते आणि पडद्यावरील खूण काही काळ हरवू शकते.

६/८
उत्तर ऐकण्याची सोयच नसेल तर काय होते, हे भारताने १२ नोव्हेंबर १९९६ रोजी पाहिले. हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन-७६ एकमेकांवर आदळले. ३४९ जणांचा अंत झाला. इल्युशिन नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरले होते. दिल्लीच्या नियंत्रकाला मात्र पडद्यावर विमानांची उंची दिसत नव्हती.

७/८
त्यानंतर भारताने मोठ्या प्रवासी विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची केली. ही यंत्रणा जवळच्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरला हवेतच प्रश्न विचारते. विचारणारा आता डोक्यावरही असू शकतो. एकट्या पोटाखालच्या अँटेनाने भागत नाही.

८/८
म्हणून अशा विमानांवर ट्रान्सपॉन्डरची एक अँटेना पाठीवर आणि दुसरी पोटाखाली असते. प्रश्न जिच्यावर अधिक स्पष्ट पोहोचतो, तिच्यावरूनच उत्तर जाते. विमानाच्या अंगावर माशाच्या परांसारखी जी छोटी पाती दिसतात, त्यांतच या दोघी असतात.