उत्रोलीचे खोपडे

निवडणुका आल्या, कोणी पक्ष बदलला, की सभेतला वक्ता फितुरीची दोन नावे घेतो: सूर्याजी पिसाळ आणि खंडोजी खोपडे. टाळ्या पडतात. पण हा खोपडा कुठला, त्याने नेमके काय केले आणि त्याचे पुढे काय झाले, हे विचारले तर टाळ्या वाजवणाऱ्यांतले फार थोडे सांगू शकतील. खंडोजी होता उत्रोलीचा. हे गाव भोरच्या पंचक्रोशीतले. बाहेरच्यांच्या कानावर उत्रोलीचे नाव अलीकडे आले तर ते रखडलेल्या एमआयडीसीच्या बातम्यांतून.

शिवकाळात मात्र उत्रोलीला वजन होते. रोहिडा किल्ल्यावरून नाव पडलेले रोहिडखोरे हे बारा मावळांपैकी एक, आणि तिथल्या देशमुखीत कारीच्या जेध्यांसोबत उत्रोलीचे खोपडेही होते. देशमुखी म्हणजे नुसता मान नव्हे. सरकारी वसुलात हिस्सा, तेल्याकडून तेल, चांभाराकडून जोडा, सणाला बकरा, लग्नाकार्यात पहिला विडा, असे सगळे त्यात आले. विजापूरचा सुलतान कोण आहे, याची खोऱ्यातल्या कुणब्याला फारशी खबर नसे. देशमुख मात्र रोज समोर उभा. त्यामुळे वतनासाठी सख्खे भाऊ एकमेकांचे गळे कापत. कान्होजी जेध्यांचे वडील नाईकजी यांचा जीव त्यांच्या भावांनीच घेतला. तान्ह्या कान्होजीला देवजी महाला याने वाचवले, आणि पुढे मोसे खोऱ्याच्या बाजी पासलकरांनी त्याला आसरा देऊन आपली मुलगीही दिली. मावळातली माणसे अशा वातावरणात वाढत होती, हे खंडोजीबद्दल बोलताना विसरता येत नाही.

1659 साली विजापूरचा सरदार अफजलखान वाईला येऊन बसला. वाईचा सुभा त्याने पूर्वी सांभाळलेला होता, आणि मावळातले कोण कोणाशी भांडते हे त्याला पाठ असणार. आदिलशाहाची फर्माने देशमुखांच्या वाड्यांवर पोचली: खानाला येऊन मिळा, नाहीतर खैर नाही. 16 जून 1659 चे असे एक फर्मान कान्होजींनाही आले. ते घेऊन कान्होजी पाच मुलांसह राजगडाला गेले, शिवाजीराजांपुढे हातावर पाणी घेतले आणि वतनावर सोडले. पाणी सोडले म्हणजे हक्क संपला. राजांनी त्यांचा कबिला कारीहून तळेगावाला हलवायला सांगितले, कारण कारी खानाच्या वाटेत होती.

उत्रोलीचा वाडा मात्र खानाकडे गेला.

पुढचे प्रतापगडाचे प्रकरण, 10 नोव्हेंबर 1659 ला राजांनी खानाला मारल्याचे, शाळकरी पोरांनाही माहीत आहे. त्या धांदलीत खानाचा मुलगा फाजलखान निसटला. कोयनेच्या काठाने, आडरानातल्या वाटांनी त्याला बाहेर काढणारा वाटाड्या होता खंडोजी. मावळ्यांना ठाऊक असलेल्या पायवाटा मावळ्यानेच शत्रूला दाखवल्या, ही त्या काळच्या लोकांना झोंबलेली गोष्ट. नंतर खंडोजी डोंगरात लपला. किती दिवस लपणार? गुंजण मावळचे हैबतराव शिळीमकर त्याचे सोयरे. त्यांच्यामार्फत तो कान्होजींकडे आला. कान्होजींनी राजांकडे शब्द टाकला आणि जीवदान मिळवले.

मग एके दिवशी तो राजांच्या नजरेस पडला. हुकूम सुटला, उजवा हात आणि डावा पाय कलम झाले. कान्होजी हबकले, आपण रदबदली केली तिचे काय? राजांचे उत्तर जेध्यांच्या घरच्या हकीकतीत, म्हणजे जेधे करीन्यात आहे. त्याचा मतलब असा, की तुमच्या भिडेखातर जीव राखला. शिक्षा दिलीच नाही तर इतरांना वचक कसा बसेल? दिलेला शब्द पाळून शिक्षाही पुरी करायची, अशी ही तोड आहे. राजांच्या स्वभावावर प्रकाश टाकणारे याहून चांगले प्रकरण क्वचितच सापडेल.

लोककथा होताना या प्रसंगाने रंग बदलले. ग्रँट डफच्या 1826 च्या इतिहासात वाटाड्याचे नाव खंडोजी काकडे असे आहे. तो खोपडा नव्हे, राजांचाच सरदार. लाच खाऊन खानाचा कबिला कऱ्हाडला पोचवतो, आणि उघडकीस येताच त्याला मृत्युदंड होतो. हात-पाय नाहीत, कान्होजींची भीड नाही, उत्रोलीही नाही. डफसमोर जेध्यांचे कागद नव्हते. कारीच्या दयाजीराव जेध्यांनी आपल्या घरची शकावली, म्हणजे सालवार नोंदी, लोकमान्य टिळकांच्या हाती दिली 1907 मध्ये. टिळकांनी ती 1916 मध्ये प्रसिद्ध केली. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 ही तिथी तिच्यातूनच पुढे आली. म्हणजे या मुलखाच्या इतिहासावर कारीच्या एका घराचे केवढे ऋण आहे पाहा.

आणि अडचणही तिथेच आहे. खंडोजीची हकीकत आपण वाचतो ती शेजाऱ्याच्या, आणि देशमुखीतल्या प्रतिस्पर्ध्याच्या, लेखणीतून. करीना हा मुळात वतनदार घराण्याने आपल्या हक्काची मांडलेली कैफियत. त्यात कान्होजी नायक ठरणे साहजिक आहे. म्हणून तो खोटा ठरत नाही. खंडोजी खानाला मिळाला यात शंका घ्यायला जागा नाही. पण तो का गेला, कशाच्या लोभाने की कशाच्या धाकाने, हे उत्रोलीच्या बाजूने सांगणारे कोणी नाही. आंबवड्याला कान्होजींच्या आणि प्रतापगडावर राजांना वाचवणाऱ्या जिवा महालाच्या समाधीपुढे लोक हात जोडतात, आणि जोडावेतच. उत्रोलीच्या वाट्याला आली ती फक्त सभेतली शिवी.

भोर तालुक्यात आजही पेट्यांत, माळ्यांवर मोडीतले कागद निघतात. तुमच्या घरी असतील तर रद्दीत घालू नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला एकदा दाखवा. त्यात खोपड्यांचा एखादा महजर, म्हणजे निवाडपत्र, निघाला, तर उत्रोलीची बाजू पहिल्यांदाच ऐकायला मिळेल.