साखर थांबली, चाळी उरल्या

हरिगाव, टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी, चांगदेवनगर. नगर जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या या वसाहती साखर कारखान्यांनी वसवल्या. दारणा आणि भंडारदऱ्याचे पाणी कालव्यांनी खाली आले, तशा कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी लांब मुदतीच्या खंडाने घेतल्या आणि उसाचे मळे उभे केले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने हे मळे कंपन्यांकडून काढून घेतले खरे, पण कारखान्याला ऊस कमी पडू नये म्हणून ते सलगच ठेवले. त्यांच्यासाठी १९६३ साली शेती महामंडळ स्थापन झाले. पुढच्या अन्यायाचे मूळ मला इथेच दिसते. कारखाना चालत राहणार, हे कायद्याने धरूनच चालले. तो थांबला तर जमिनीचे आणि माणसांचे काय, याची तजवीज कुठेच नव्हती. पुढे हरिगावचा कारखाना बंद पडला, टिळकनगर मद्यनिर्मितीकडे वळले, साकरवाडी रसायनांकडे. मळे सलग ठेवण्याचे कारणच संपले, तरी जमिनी खंडाने दिलेल्या मूळ मालकांना, म्हणजे खंडकऱ्यांना, त्या परत मिळवायला कॉम्रेड माधवराव गायकवाडांच्या नेतृत्वाखाली दीर्घ लढा द्यावा लागला.

तो लढा न्याय्यच होता. पण परतफेडीचा आधार होता सातबारा, आणि मळ्यावर पिढ्यान् पिढ्या खुरपणी केलेल्या, रात्रीबेरात्री उसाला पाणी दिलेल्या मजुराच्या नावावर सातबारा नव्हता. चाळीतली राहती खोलीसुद्धा त्याची नव्हती. सहकार आला, मग कामाला काय तोटा, असे कोणी म्हणेल. प्रवरानगरच्या कारखान्याने १९५० नंतर जिल्ह्याचे रूप पालटले, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र सहकारी कारखाना सभासदांच्या शेतातला ऊस घेतो. मळ्यावरच्या मजुराची जागा त्या रचनेत नाही. ऊसतोड तर बीड-पाथर्डीकडच्या टोळ्या करतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जमीन मूळ मालकाची, मग मजुराचा हक्क कसला? शेतजमिनीपुरते ते मान्य. पण चाळीखालची जागा म्हणजे शेकडो एकरांचा मळा नव्हे. घरापुरती जमीन काढल्याने कोणा खंडकऱ्याचे शेत बुडत नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीसाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मोकळी जागा, घरे आणि मालक असे वाटे निदान कागदावर मांडले गेले. २००१ च्या बदलाने ते आकसले, तरी घराच्या मागणीला बोट ठेवायला एक नियम होता. हरिगावच्या मजुराला तेवढाही मिळाला नाही. म्हणून महामंडळाच्या उरलेल्या जमिनीचा एकही पट्टा नव्या उद्योगाला देण्याआधी चाळींना गावठाणाचा दर्जा आणि घरे राहणाऱ्यांच्या नावावर, एवढे झालेच पाहिजे. खंडकऱ्यांना जमीन परत देताना, बारमाही पाण्याने ती कुठे चोपण झाली आहे, तेही तपासावे. खारवलेले वावर हातात पडले तर ती परतफेड नावापुरतीच ठरेल.