शेंद्रा परिसराचे ताट: ज्वारी, नान आणि बीअर

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेंद्रा हे गाव आहे. त्याचे पूर्ण नाव शेंद्रा कमंगर. ‘कमंगर’ हा फार्सी शब्द असून त्याचा अर्थ धनुष्य बनवणारा कारागीर. मराठी गावनाव आणि फार्सी व्यवसायनाव जसे इथे शेजारी बसले आहेत, तसेच या परिसराच्या ताटात भाकरी आणि नान शेजारी बसले आहेत. गेल्या काही दशकांत त्यांच्या जोडीला इथे तयार होणारी बीअरही आली. यांतली एकही गोष्ट एका रात्रीत आलेली नाही. पिके, सैन्ये, कालवे, रेल्वे आणि कारखाने यांच्या मागोमाग ती आली, आणि बाजाराने ती घराघरांतल्या चुलीपर्यंत पोहोचवली.

भाकरीचे धान्य

मराठवाड्याच्या जेवणाचा पाया ज्वारी आणि बाजरी. दोन्ही धान्ये मुळात आफ्रिकेतली असून हजारो वर्षांपूर्वी भारतात आली. आफ्रिकेच्या अनेक भागांत ज्वारी आंबवून तिची बीअर करतात. दख्खनमध्ये तिची भाकरी झाली. हलक्या जमिनीत खरिपाची बाजरी आणि काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत रब्बीची ज्वारी, अशी या कमी पावसाच्या प्रदेशाची जुनी वाटणी आहे. रब्बीच्या ज्वारीत मालदांडी हा वाण विशेष नावाजलेला. परतीच्या पावसाच्या ओलीवर ती वाढते, थंडीत तिच्या दाण्यात दूध भरते, आणि त्या कोवळ्या दाण्याचा हुरडा आगटीवर भाजून खातात. कडबा जनावरांना मिळतो. माणूस आणि बैल दोघांचे पोट भरणारे हे पीक असल्यामुळे शेतकऱ्याने ते सहजासहजी सोडले नाही.

ज्वारी-बाजरी येण्यापूर्वी आणि आल्यानंतरही बराच काळ दख्खनमध्ये सातूला, म्हणजे बार्लीला, मोठे स्थान होते. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण युगातील शेतकऱ्यांचे मुख्य धान्य सातू असल्याचे दिसले. पुढे हे धान्य इथल्या ताटातून जवळपास नाहीसे झाले. सुमारे तीन हजार वर्षांनी ते पुन्हा आले ते बीअरच्या रूपाने.

भाकरीसोबतचा लाल किंवा हिरवा ठेचा मात्र तेवढा जुना नाही. मिरची आणि भुईमूग ही दोन्ही पिके अमेरिका खंडातली. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारताच्या किनाऱ्यावर उतरली आणि नंतर घाटावर चढली. त्याआधी तिखटपणासाठी मिरे आणि आले वापरत. आज मराठवाडी स्वयंपाकाची ओळख मानली जाणारी शेंगदाण्याची चटणी ही या दोन परदेशी पिकांची जोडी आहे. खास इथला म्हणावा असा पदार्थ म्हणजे येसर. धान्ये, डाळी आणि मसाले वेगवेगळे भाजून एकत्र दळलेली ही पूड डब्यात महिनोन्‌महिने टिकते. लग्नकार्यात मोठ्या पातेल्यात शिजणारी येसर आमटी आणि घरी अचानक पाहुणा आल्यावर उकळलेली वाटीभर आमटी, दोन्ही त्याच पुडीच्या. भाजी महाग होणाऱ्या किंवा मिळतच नसणाऱ्या उन्हाळ्यासाठी घरच्या बाईने शोधलेला हा उपाय आहे.

दौलताबाद आणि नान-खलिया

१३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले. शेंद्र्याहून पश्चिमेला, शहराच्या पलीकडे हा किल्ला आहे. दिल्लीहून आलेल्या लष्करासाठी मोठ्या प्रमाणावर रांधण्याची गरज पडली आणि त्यातून नान-खलिया हा पदार्थ इथे रुजला, असे शहरात परंपरेने सांगतात. मोठ्या भट्टीत एकावेळी शेकडो नान भाजता येतात आणि एका देगेत शेकडो माणसांचे मटण शिजते. छावणीच्या गरजेला हे जेवण चपखल बसते, म्हणून ही परंपरा पटण्याजोगी आहे. पण आजचा खलिया जसाच्या तसा त्या काळचा असू शकत नाही, कारण त्याच्या तर्रीला रंग देणारी लाल मिरची तेव्हा भारतात नव्हती. ‘कलिया’ हे नाव पुढे अकबराच्या काळातील ऐने-अकबरीतल्या पदार्थांच्या यादीतही आढळते. म्हणजे पदार्थाचे नाव आणि पद्धत उत्तरेची, तर आजची चव दख्खनची.

नान घरी होत नाही. खमीर घालून मळलेल्या मैद्याचे मोठे नान खोल भट्टीत भाजतात, आणि अशी भट्टी पेटवणे एका घराला परवडत नाही. त्यामुळे इथे कामाची वाटणी झाली: खलिया घरी किंवा लग्नमंडपात शिजतो, नान भट्टीवरून येतात. भाकरी करणाऱ्या घरात पीठ जात्यावर किंवा गिरणीत दळून चुलीजवळ येते. नान खाणाऱ्या मोहल्ल्यात भाजलेली पोळीच बाजारातून येते.

१३४० च्या दशकात दौलताबादला आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने इथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद केली. त्यांना वर्षातून दोनदा बहर येतो, असे तो सांगतो. मराठ्यांचा आहार भात, भाज्या आणि तिळाचे तेल असा असल्याचेही त्याने लिहून ठेवले आहे. फळांची ही ख्याती टिकून आहे. डोंगरउतारावरची सीताफळे पावसाळा संपता संपता शहराच्या रस्त्यांवर पाट्यांमधून दिसू लागतात. मराठवाड्याचा केसर आंबा आणि जालन्याची मोसंबी यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

पाणी आणि पेठा

आजच्या शहराची सुरुवात १६१० मध्ये मलिक अंबरने वसवलेल्या खडकी या गावापासून झाली. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. खडकाळ जागी राजधानी वसवायची तर पहिला प्रश्न पाण्याचा. त्याने जमिनीखालून नळ टाकून डोंगराकडचे पाणी गावात आणले. ही योजना नहर-ए-अंबरी म्हणून ओळखली जाते. पुढे त्याच पद्धतीने आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीवर अशाच एका नहरीच्या पाण्याच्या जोरावर दगडी जाते फिरत असे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकीर व यात्रेकरूंसाठी दळण निघत असे. ज्या प्रदेशात बायकांची पहाट जात्यावर जात होती, तिथे पाण्याने दळलेले पीठ ही मोठीच सोय होती.

१६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून परतला आणि शहराला औरंगाबाद हे नाव मिळाले. मोगल सरदारांनी आपापले पुरे वसवले: जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा, बेगमपुरा. पुऱ्यांना धान्य, भाजी, मांस, भांडी, कापड लागे. त्या गरजेतून तयार झालेले बाजार गल्ल्यांच्या नावांत जिवंत आहेत. गुलमंडी म्हणजे फुलांचा बाजार. कासारी बाजारात भांडी, रंगार गल्लीत रंगारी, कुंभारवाड्यात मडकी, आणि मछली खडकच्या नावात मासळी. शहागंज हा मोठा गंज, म्हणजे मूळचा धान्याचा बाजार. नकाशा हाती घेऊन ही नावे वाचली तरी सतराव्या-अठराव्या शतकातील घराला काय काय लागत होते याची यादी तयार होते. १७६३ मध्ये मोगलांनंतर आलेल्या निजामाची राजधानी हैदराबादला गेली आणि शहराचे राजकीय महत्त्व उतरले. सरदार गेले, पण भट्ट्या, गल्ल्या आणि रांधण्याच्या सवयी राहिल्या.

मोंढा आणि आठवडी बाजार

ग्रामीण बाजाराची रीत याहून वेगळी. गावागावांतून ठरलेल्या वारी भरणारा आठवडी बाजार हा शेतकऱ्याचा आणि बलुतेदाराचा बाजार. सकाळी पाले लागतात, माल जमिनीवर मांडला जातो, भाजी वजनाऐवजी अनेकदा वाट्यावर विकली जाते, आणि दिवेलागणीपर्यंत सगळे उठून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी जाते. आठवड्याच्या वारांप्रमाणे फिरणारे हे व्यापारी एका अर्थाने चालते दुकान चालवतात. शेंद्र्याच्या लोकांसाठी जवळच करमाड आहे. शहरात जाफरगेटचा रविवारचा बाजार आणि छावणीचा गुरुवारचा बाजार हे याच रीतीचे मोठे रूप. मिरची, हळद, धणे यांपासून विळी-खुरप्यापर्यंत आणि शेळ्यांपासून जुन्या लोखंडापर्यंत सर्व काही तिथे मिळते.

धान्याचा घाऊक व्यवहार मोंढ्यात होतो. ‘मोंढा’ हा शब्द मराठवाड्याचा. पश्चिम महाराष्ट्रात त्याला पेठ किंवा मार्केट यार्ड म्हणतात. १९०० च्या सुमारास मनमाड ते हैदराबाद ही मीटरगेज रेल्वे सुरू झाली आणि मोंढ्यांचे दिवस पालटले. जालना हे धान्याचे आणि कापसाचे मोठे केंद्र बनले. पूर्वी पायली आणि शेराच्या मापाने तालुक्यात फिरणारे धान्य आता वॅगनने दूर जाऊ लागले. दुष्काळात बाहेरचे धान्य आत येण्याची वाटही तीच झाली. स्वातंत्र्यानंतर दशमान वजने आली आणि मापाड्याच्या हातातली पायली मागे पडली. तरीही जुन्या घरांतून धान्य पायलीने मोजण्याची सवय बरीच वर्षे टिकली.

१९७२ च्या दुष्काळाने ताट पुन्हा बदलले. ज्वारी नाहीशी झाली, रेशनवर मिलो ही परदेशी लाल ज्वारी आली, आणि तिच्या भाकरीची चव त्या पिढीच्या आठवणीत कायम राहिली. त्यानंतर रेशनच्या गव्हाने पोळीला रोजचे जेवण केले. पूर्वी सणावारी होणारी गव्हाची पोळी रोजची झाली आणि भाकरी हळूहळू रात्रीच्या जेवणापुरती उरली.

शिंदीपासून बीअरपर्यंत

आंबवलेले पेय या प्रदेशाला नवे नव्हते. निजामाच्या राज्यात शिंदीच्या झाडाचा रस आंबवून केलेली शिंदी आणि मोहाच्या फुलांची दारू सर्रास चालत असे. आबकारीचे मक्ते लिलावाने दिले जात आणि सरकारी तिजोरीला त्यातून मोठे उत्पन्न मिळे. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. तिथे १९४९ च्या कायद्याने दारूबंदी होती. पुढे ती सैल होत गेली आणि परवान्यांची पद्धत आली. आजही महाराष्ट्रात बीअर पिण्यासाठी २१ वर्षे पूर्ण असावी लागतात.

बीअरला इथे आणले औद्योगिक वसाहतींनी. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर शहराभोवती रेल्वे स्टेशन, चिकलठाणा आणि वाळूज अशा वसाहती वाढत गेल्या. पैठणजवळ गोदावरीवर बांधलेले जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि कारखान्यांना खात्रीचे पाणी मिळाले. मूळच्या ऑस्ट्रेलियन फॉस्टर्सने १९९८ मध्ये आपली भारतीय बीअर इथे बनवायला सुरुवात केली. २००६ मध्ये सिंगापूरच्या एशिया पॅसिफिक ब्रुअरीजने औरंगाबाद ब्रुअरीजमध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला. डेन्मार्कची कार्ल्सबर्गही आली. बघता बघता हा जिल्हा राज्यातील बीअर उत्पादनाचे प्रमुख केंद्र झाला.

बीअरसाठी सातू भिजवून मोड आणतात आणि वाळवून माल्ट करतात. ते गरम पाण्यात मिसळून गोड रस काढतात, तो हॉप्सबरोबर उकळतात आणि थंड करून त्यात यीस्ट घालतात. नानच्या खमिरात आणि बीअरच्या पिंपात काम करणारे यीस्ट एकाच कुळातले. या बीअरचा सातू बहुतांशी राजस्थान-हरियाणाकडून येतो आणि हॉप्स परदेशातून. इथली म्हणावी अशी गोष्ट एकच, पाणी. आणि बीअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते.

म्हणूनच दुष्काळात हा प्रश्न तीव्र झाला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि नंतर ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला. पिण्याचे पाणी आधी, हे तत्त्व त्यातून स्पष्ट झाले. एका बाजूला हजारोंचा रोजगार आणि राज्याचे उत्पादन शुल्क, दुसऱ्या बाजूला टँकरची वाट पाहणारी गावे. या दोन्हींचा हिशोब एकाच धरणावर मांडला जातो.

घरच्या ताटाशी बीअरचे नाते अजून सैल आहे. ती बहुधा घराबाहेर, परमिट रूममध्ये प्यायली जाते. पण तिच्यासोबतचा चखणा म्हणजे शेंगदाणे, फुटाणे, चिवडा, हा सगळा मोंढ्यातला आणि आठवडी बाजारातला माल आहे.

आजचे शेंद्रा

२००१ मध्ये शेंद्र्यात स्कोडाच्या मोटारी जुळायला सुरुवात झाली. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील ऑरिक या नव्या नगरीच्या मुख्य इमारतीचे उद्‌घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये झाले. ज्या जमिनीत बाजरी आणि ज्वारी होत होती त्यातल्या बऱ्याच जमिनीवर आता कारखाने आहेत. उरलेल्या शेतांत कापूस आणि मका वाढला आहे. दूरदूरच्या राज्यांतून आलेल्या कामगारांमुळे बाजारातली मागणीही बदलली.

तरीही चैत्रात मांगीरबाबाच्या यात्रेला दूरदूरहून माणसे शेंद्रा कमंगरला येतात, नवस फेडतात, आणि शेताच्या बांधावर तीन दगडांच्या चुलीवर मटण शिजते, त्याच्या शेजारी भाकरी थापली जाते. थंडीत शहरातले लोक हुरडा खायला मुद्दाम गाव गाठतात. ज्वारी स्वस्त धान्य राहिलेली नाही. चांगल्या मालदांडीचा भाव बऱ्याचदा गव्हाहून चढा असतो. गरिबाची म्हणून मागे पडलेली भाकरी आता निवडून, जास्त पैसे मोजून खाल्ली जाते, आणि ती टिकेल की नाही हे रब्बीला किती शेतकरी ज्वारी पेरतात यावर ठरणार आहे.