कोयनेलचा हिशेब

कोयनेल म्हटलं की बीडकडच्या जुन्या माणसांचं तोंड आजही कडू होतं. कोयनेल म्हणजे क्विनीन, हिवतापावरचे जुने औषध. सिंकोनाच्या सालीतून ते 1820 साली पॅरिसमध्ये पेलेतिए आणि काव्हेंतू या दोघांनी वेगळे काढले. हिवताप डासांतून पसरतो, याचा धागा मात्र आपल्याच मुलखात सापडला. 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. बीड जिल्हा तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होता.

आता औषध हाती आले, म्हणून ते ओळखीचे झाले असे नाही. रसायनशास्त्रज्ञ विचारतो, याचा रेणुभार किती? हिशेब वाण्याच्या वहीसारखा सरळ आहे. कोयनेलच्या रेणूत कार्बनचे 20, हायड्रोजनचे 24, नायट्रोजनचे 2 आणि ऑक्सिजनचे 2 अणू असतात. त्यांचे अणुभार अनुक्रमे 12, 1, 14 आणि 16 धरा. 240, 24, 28 आणि 32 यांची बेरीज झाली 324. अणुभार अधिक काटेकोर घेतले तर 324.42. इतके ग्रॅम कोयनेल म्हणजे एक मोल.

एवढं सोपं, तर यात इतिहास कसला? वाचकहो, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कार्बनचा भार कोणी 6 धरी, कोणी 12. मापच एक नाही, तिथे बेरीज कशी जुळावी? 1860 साली कार्ल्सरूह येथे परिषद भरली, आणि इटलीच्या कानिझारो यांच्या विवेचनामुळे पुढे हळूहळू सर्वांची मापे एक झाली.

त्याआधी, 1856 साली, लंडनमध्ये 18 वर्षांच्या विल्यम पर्किनने अशा बेरजेच्याच भरवशावर कोयनेल बनवायला घेतले. एका पदार्थाचे दोन रेणू घ्यावेत, ऑक्सिजन द्यावा, पाणी वजा करावे. कागदावर उत्तर येई कोयनेल! भांड्यात मात्र तांबूस गाळ. मग त्याने ॲनिलीन घेऊन पाहिले, तेव्हा हाती जांभळा रंग आला. रंगाचा कारखाना निघाला. औषध काही झाले नाही. बेरजेतून अणू किती ते कळते, कसे जोडले ते कळत नाही. ती जोडणी पाउल राबे यांनी 1908 साली मांडली. सिंकोनाच्याच सालीतल्या क्विनिडीनचा भारही 324.42 आहे, पण त्याचा उपयोग झाला तो मुख्यतः हृदयाच्या ठोक्यांसाठी.

मग हा आकडा फुकट का? मुळीच नाही. गोळीत बहुधा कोयनेलचे सल्फेट असते. त्यात कोयनेलचे दोन रेणू, एक गंधकाम्लाचा आणि दोन पाण्याचे. एकूण भार सुमारे 783. पैकी कोयनेल 649, म्हणजे शेकडा 83. म्हणून 300 मिलिग्रॅमच्या गोळीत खरे कोयनेल सुमारे 249 मिलिग्रॅमच. हा फरक विसरून मात्रा ठरवली, तर कमी पडलेले औषध ताप हटवीत नाही; आणि जादा झालेले कान गुणगुणवते, प्रसंगी दृष्टीही घालवते.