घेतल्या भावाने

परवा फोनवर पुन्हा तोच विषय निघाला. गावच्या जागेपैकी अर्धी विकायची, आलेल्या पैशात उरलेल्या अर्ध्यावर छोटंसं घर, विहीर, सौर दिवे... आणि मग निवांत राहायचं. काका म्हणाले, "भाव चांगला आलाय, आत्ता नाही तर कधी?" फोन ठेवला आणि मला अमेरिकेतल्या निअरिंग जोडप्याची आठवण झाली.

स्कॉट निअरिंग अर्थशास्त्राचे प्राध्यापक. बालमजुरीविरुद्ध बोलत राहिले. १९१५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं. पुढे मंदीच्या ऐन भरात, १९३२ मध्ये, ते आणि हेलन शहर सोडून व्हरमाँटच्या डोंगरात गेले. दगडी घरं स्वतः बांधली, भाजीपाला पिकवला, रोख पैशासाठी मेपलच्या रसाचा पाक आणि साखर विकली. तिथे त्यांनी जंगलाचा एक तुकडाही घेतला होता. त्याची किंमत भरपूर वाढली. "ही वाढ आपण कमावलेली नाही," असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते जंगल त्यांनी चक्क विनहॉल गावाला देऊन टाकलं!

१९५२ मध्ये ते मेन राज्यात, समुद्रकाठच्या हार्बरसाइडला आले. १९५४ च्या त्यांच्या पुस्तकाने पुढे कितीतरी तरुणांना शेतीकडे ओढलं. त्यातलेच एक एलियट कोलमन. १९६८ मध्ये निअरिंगनी आपल्या जमिनीतली ६० एकर त्यांना विकली, एकरी ३३ डॉलरने. म्हणजे स्वतः घेतली होती साधारण त्याच भावाने. कोलमन कुटुंब तिथे वीज, नळ, फोन यांशिवाय राहिलं.

हे सगळं गोडगोड नव्हतं, बरं का. १९७६ मध्ये कोलमन यांची तीन वर्षांची मुलगी तळ्यात बुडाली, पुढे संसारही मोडला. आणि निअरिंगांच्या जमिनीचा आणखी एक तुकडा घेतलेल्या जीन हे ब्राइट यांनी नंतर पुस्तकात लिहिलं, की निअरिंगांना वारशाचे वगैरे बाहेरचे पैसेही मिळत होते. निव्वळ कष्टावर सगळं चाललं, असं नाही.

तरीही १९८३ मध्ये, शंभरी पूर्ण झाल्यावर, स्कॉट त्याच जागेवर वारले. कोलमन मध्ये काही वर्षं दूर जाऊन परतले आणि त्याच जमिनीवर भर थंडीत भाजी पिकवायच्या पद्धती त्यांनी बसवल्या.

मला वाटतं, विकलेली अर्धी जागा कुठे जात नाही. ती कुंपणापलीकडेच असते, रोज दिसते. तिथे कोणी भाजी लावणारा येतो की रिसॉर्टवाला, यावर आपल्या अर्ध्यातली विहीर आणि शांतता दोन्ही अवलंबून. निअरिंगनी भाव सोडला आणि शेजार मिळवला.

घेतल्या भावाने विका, असं काकांना सांगायची माझी हिंमत नाही. आपल्याला पैशांची गरज आहेच. पण "किती देतो?" च्या आधी "करणार काय?" एवढं तरी विचारूया का?