हौसेने बांधलेली घरे

नवे घर बांधणाऱ्यास ते चार लोकांना दाखविण्याची हौस असतेच. इंटरनेटच्या इतिहासात या हौसेचा वाटा मोठा आहे. टिम बर्नर्स-ली यांनी निर्मिलेले 'वेब'चे तंत्र जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी सर्वांस विनामूल्य खुले केले. कोणत्याही पानामागील मूळ लेखन वाचकास पाहता येई. दुसऱ्याचे पान उलगडून पाहावे, त्यावरून शिकावे आणि आपले रचावे, अशी ही शाळेवाचून पसरलेली विद्या होती.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांस उपलब्ध झाले. पुढच्याच वर्षी गणेशचतुर्थीस अजय गल्लेवाले यांनी 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ सुरू केले. दूरदेशी विखुरलेल्या मराठी माणसांस तेथे आपल्या भाषेचे अंगण लाभले.

त्याच काळात 'जिओसिटीज' या अमेरिकन सेवेने हौशी मंडळींस फुकट जागा दिली. तेथे वस्त्याच वसल्या. कोणी आपल्या छंदावर लिहिले, कोणी आवडत्या गायकावर. परंतु जागा परक्याची होती. १९९९ मध्ये ती याहू कंपनीने विकत घेतली आणि २००९ मध्ये अमेरिकेतील ही सेवा बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून पुष्कळ पानांच्या प्रती वाचविल्या. उरलेली कायमची गेली.

ताम्रपट शतकानुशतके टिकतो. ही पाने मात्र, कोणी प्रत करून ठेवली नाही, तर एका रात्रीत नाहीशी होतात.